पाण्याची गाळणी आणि द्रावणाचा दाटपणा

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. आपल्या संग्रामपूर, जळगाव जामोद आणि शेगाव तालुक्यांतील अनेक गावांना खारे भूजल आणि मूत्रपिंडाच्या विकारांची चिंता नवी नाही. गावातील 'आरओ' यंत्र आणि रुग्णालयातील डायलिसिस या दोहोंचा आधार मात्र एकच आहे : बहुवारिकाचे, म्हणजेच पॉलिमरचे, सच्छिद्र पटल.

हे पटल घडविण्यासाठी पॉलिसल्फोनसारखे बहुवारिक द्रावकात विरघळवितात. त्या द्रावणाचा पातळ थर कापडासारख्या आधारावर पसरून तो पाण्यात बुडवितात. द्रावक बाहेर पडतो, पाणी आत शिरते आणि बहुवारिक घट्ट होऊन त्यात छिद्रे उरतात. या देवाणघेवाणीचा वेग बऱ्याच अंशी द्रावणाच्या श्यानतेवर, म्हणजे दाटपणावर, ठरतो. एकतारी आणि दोनतारी पाक एकाच साखरेचा असला, तरी त्यातून होणारा पदार्थ निराळा असतो. येथेही तसेच घडते.

द्रावण पातळ असेल तर पाणी झपाट्याने आत शिरते व बोटांसारख्या लांब पोकळ्या तयार होतात. अशा पटलातून पाणी सहज वाहते, परंतु दाबाखाली ते दबण्याची भीती असते. द्रावण दाट असेल तर देवाणघेवाण मंदावते आणि स्पंजासारखी रचना होते. पटल बळकट होते, पण पाणी कमी देते. दाटपणा अती झाला तर हवेचे बुडबुडे अडकून पटल सदोष होते. बहुवारिकाच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतत असल्याने त्याचे प्रमाण थोडे वाढले तरी दाटपणा पुष्कळ वाढतो.

आरओमध्ये क्षार अडविण्याचे काम या पटलावरील पॉलिअमाइडचा, एक मायक्रॉनहूनही पातळ, थर करतो. खालचा आधार सदोष असेल तर हा थर फाटतो आणि क्षार पेल्यात उतरतात. डायलिसिसमध्ये सुमारे 0.2 मिलिमीटर आतील व्यासाच्या पोकळ तंतूंतून रक्त वाहते. त्या तंतूंची घडणही द्रावणाच्या प्रवाहावरच अवलंबून असते.

क्षार अडवूनही भरपूर पाणी देणारे पटल 1960 च्या सुमारास अमेरिकेत सिडनी लोब यांच्यासह घडविणारे श्रीनिवास सौरिराजन हे मूळचे भारतीय. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही पटलांवर संशोधन झाले आहे. खाऱ्या पाण्याची झळ सोसलेल्या गावांतील मुलामुलींनी ही विद्या आत्मसात करावी. तोपर्यंत एवढे तरी करावे : आरओचे पाणी पुन्हा खारट लागू लागले, तर पटलाची तपासणी अवश्य करवून घ्यावी.