कांद्याच्या डोक्यावरचं पाचट

चाकणला छप्पर म्हणजे पत्रा. कारखान्याच्या शेडवर तोच, कामगारांच्या खोल्यांवरही तोच. पाचटाखाली राहण्याचा हट्ट अजून धरून बसलाय तो फक्त कांदा.

खेड तालुक्यात उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलात निघतो आणि चाकणच्या बाजारात भाव चढेपर्यंत बराखीत थांबतो. जुन्या पद्धतीची बराख म्हणजे चार-पाच फूट रुंदीची लांबट रास, बाजूंना तुराट्यांचे नाहीतर बांबूचे ताटवे आणि वर उसाचं पाचट. काढलेला कांदाही जिवंतच असतो. ऊब आणि ओल सोडत राहतो. नुसता पत्रा दुपारी तापून झळ खाली ओततो आणि रात्री गार पडला की आतली वाफ त्याला धरून थेंब गळतात. पाचटाच्या थरांत हवा कोंडलेली असते, म्हणून ऊन वरच अडतं आणि वाफ मात्र वाट काढते. राजगुरुनगरला १९९८पासून असलेली कांदा-लसूण संशोधन संस्था सुधारित चाळीत तळातून आणि बाजूंनी हवा खेळवायला सांगते, तीही याच कारणाने.

पाचट तसं नवखंच, ऊस वाढला तसं आलेलं. त्याआधी मान गवताचा. पश्चिमेला भीमाशंकरकडच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत कारवीचे कुड शेणामातीने लिंपायचे, वर गवत. गवत पावसाळा सरल्यावर कापून वाळवायचं आणि वैशाखात घर शाकारायचं. सुरुवात वळचणीपासून, प्रत्येक वरचा थर खालच्यावर चढवत आढ्यापर्यंत जायचं आणि कामट्यांनी आवळायचं. सगळी मदार उतारावर. उतार मंद झाला की पाणी काड्यांत रेंगाळतं आणि छप्पर कुजतं. चुलीचा धूर डोळ्यांना त्रास देई, पण त्यानेच गवताला कीड लागत नसे.

भीती आगीची. चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला पाठवलेल्या पत्रात शिवाजी महाराजांनी बजावलं होतं, की रात्री दिवे जळते ठेवू नका; उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल. इतक्या बारकाईने आगीचा विचार करणारा सुरक्षा अधिकारी आजच्या कारखान्यांनाही हवाच असेल!

आता पाचटाचीच चणचण. तोडणी यंत्र उसाबरोबर पाल्याचेही तुकडे करतं आणि शाकारायला लागतं लांब, अखंड पान. इंग्लंडमध्ये मळणीची मोठी यंत्रं शेतात उतरली तेव्हा तिथल्या छप्परकाऱ्यांना गव्हाचं लांब काड असंच दुर्मीळ झालं. म्हणून इकडे हाततोडीचा फड सापडला की शेतकरी पाचटाच्या मोळ्या आधीच सांगून ठेवतो. पोल्ट्रीवालेही त्याच शोधात असतात: उन्हाळ्यात कोंबड्या तगाव्यात म्हणून ते शेडच्या पत्र्यावर पाचट अंथरतात आणि वरून पाणी मारतात.