आपाचा नवा कान

माझ्या थोरल्या बहिणीच्या, आपाच्या कानातलं यंत्र पहिल्यांदा चालू केलं, त्या दिवशी मी तिच्यासमोर बसलो होतो. बाईंनी संगणकावर काहीतरी केलं आणि मला खूण केली. मी म्हणालो, "आपा, ऐकू येतंय?" तिनं तोंड वाकडं केलं. म्हणाली, "हा पत्र्याच्या डब्यातून कोण बोलतोय?"

तिचे डोळे भरून येतील, अशी माझी कल्पना होती. कवी माणसाच्या कल्पना अशाच असतात. शिवाय विकणाऱ्यानं "सगळं पूर्वीसारखं होईल" असं सांगितलं होतं. लाखांचा खर्च, त्यामुळे आम्हीही विश्वास ठेवला.

आपाचं ऐकणं क्षयाच्या उपचारात गेलं. त्या आजारावर पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या काही इंजेक्शनांनी जीव वाचायचा, पण कधी कधी कान जायचा. आपल्या कानात खोलवर गोगलगायीच्या शंखासारखा, अडीच वेढ्यांचा एक भाग असतो. त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यातल्या नाजूक रोमपेशी आवाजाच्या कंपनाचं विजेच्या इशाऱ्यांत रूपांतर करून ते मज्जातंतूला देतात. या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण तो घ्यायला पेशीच नसतील तर मोठा करून उपयोग काय?

कॉक्लियर इम्प्लांट या पेशींना वळसा घालतं. कानामागे मायक्रोफोन आणि छोटा संगणक असतो. तो आवाजाचे उंच-खालचे भाग वेगळे करतो आणि लोहचुंबकानं डोक्याला चिकटलेल्या चकतीतून त्वचेखालच्या यंत्राकडे पाठवतो. तिथून एक बारीक तार शंखात गेलेली असते. तिच्यावरचे विद्युताग्र थेट मज्जातंतूला चेतवतात. शंखाच्या तोंडाशी उंच स्वर, टोकाकडे खालचे, अशी निसर्गानंच मांडणी केलेली आहे.

पण मेंदूकडे ध्वनी पाठवणाऱ्या मुख्य रोमपेशी एका कानात साडेतीन हजारांच्या आसपास, आणि तारेवरची विद्युताग्रं साधारण बारा ते बावीस. त्यात वीज आजूबाजूला पसरते. बोटांऐवजी कोपरानं पेटी वाजवावी, तसं काहीसं होतं. मग बोलणं कळतं कसं? 1995 साली अमेरिकेत रॉबर्ट शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगलं ऐकणाऱ्यांनाच असा आवाज ऐकवला, ज्यातले स्वरांचे बारकावे काढून फक्त चार जाड पट्ट्या ठेवल्या होत्या. सरावानंतर लोकांना त्यातली बहुतेक वाक्यं कळली. बोलण्यातला चढउतार आणि ठेका शाबूत असला, की बाकीचं मेंदू भरून काढतो.

मला या सगळ्या इतिहासातला एक प्रसंग फार आवडतो. 1978 साली मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी रॉड सॉन्डर्स या गृहस्थांना अनेक विद्युताग्रांचं इम्प्लांट बसवलं. मोटार अपघातात त्यांचं ऐकणं गेलं होतं. चाचणीत राष्ट्रगीत वाजवलं, तर सॉन्डर्स ताठ उभे राहिले!

आपाचंही तसंच झालं. पहिल्या महिन्यात तिनं ओळखली ती आमच्या दादीची जात्यावरची ओवी. मी टेबलावर ठेका धरून म्हटली, तर तिनं पुढची ओळ घेतली. माझी मुक्तछंदातली कविता मात्र तिला कळली नाही. दोष यंत्राचा की कवितेचा, हे मी विचारलं नाही.

सूर अजून कळत नाहीत. तिच्या आवडीची जुनी गाणी तिला भांड्यांच्या आवाजासारखी लागतात, आणि याचं तिला खरंच दुःख आहे. लग्नाच्या हॉलमध्येही ती हरवते. गोंगाटातून एक आवाज निवडायला जो बारकावा लागतो, तोच यंत्राकडे कमी आहे.

बोलणं मात्र महिन्यामहिन्यानं उलगडलं. रोज मी वर्तमानपत्र वाचायचो, ती ओठ न पाहता मागून म्हणायची. सुरुवातीला 'पाट' आणि 'ताट' एकच. चौथ्या-पाचव्या महिन्यात पत्र्याचा डबा गेला आणि माझा आवाज माझा झाला. यंत्र तेच होतं, शिकला तो तिचा मेंदू. तिला भाषा आधीपासून येत होती आणि ती बहिरी राहिली ती सातच वर्षं, म्हणून हे साधलं. जन्मापासून ज्यांनी काहीच ऐकलेलं नाही, अशा मोठ्या माणसांना आवाजाची चाहूल लागते, पण बोलणं कळणं बहुधा फार अवघड जातं. आणि शस्त्रक्रियेत कानातलं उरलंसुरलं ऐकणंही जाऊ शकतं. घरात कुणाचा असा विचार चालू असेल, तर हे दोन प्रश्न डॉक्टरांना आधी विचारा.

रात्री आपा कानामागचा भाग काढून डबीत ठेवते. मग तिला काहीही ऐकू येत नाही. परवा घराच्या वाटणीवरून आमचं वाजलं, तेव्हा तिनं तो भरदुपारीच काढला.