फंडाच्या पिशवीत काय असतं? सरकारी अल्पमुदतीच्या फंडाची सोपी ओळख



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण शेकडेवारी आणि सरळव्याज शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या जवळचा आहे. निमित्त झालं पालकसभेचं. सभा संपली, सगळे गेले, एक पालक मात्र मागे थांबले. जमिनीच्या व्यवहाराचे चार लाख रुपये त्यांच्या हातात आले होते. जूनमध्ये मोठ्या मुलीच्या कॉलेजची फी आणि होस्टेलचे पैसे भरायचे होते. म्हणजे पैसे सहा-सात महिनेच सांभाळायचे. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलं होतं, 'सरकारी फंड, पैसा एकदम सेफ'. ते म्हणाले, "सर, सरकारी म्हणल्यावर डोळे झाकून ठेवायचे का? नेमकं त्यात असतंय काय?"

खरं सांगतो, त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर बसून वाचलं, समजून घेतलं. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

हा प्रश्न आपल्या भागात का महत्त्वाचा आहे?

चितेगाव-बिडकीन पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या आणि अनेक घरांत एकरकमी मोबदला आला. त्याच पैशाच्या मागे 'तीस-तीस' योजना आली. २०२२ मध्ये ते प्रकरण गाजलं, तेव्हा कित्येक शेतकऱ्यांची आयुष्यभराची पुंजी अडकलेली होती. तिथे लोकांनी 'किती टक्के मिळणार?' हे विचारलं. 'आमचा पैसा कशात लावणार?' हे फार कमी जणांनी विचारलं.

आपण कपाशीचं बियाणं घेताना पिशवी उलटसुलट करून बघतो. वाण कोणता, उगवणक्षमता किती टक्के, लॉट नंबर काय, मुदत कधीपर्यंत. फंडाच्या पिशवीवरही असंच लेबल असतं. त्याला पोर्टफोलिओ म्हणतात, म्हणजे फंडाने जमा पैशातून काय काय घेऊन ठेवलंय त्याची यादी. ते लेबल वाचायला शिकणं, एवढाच आजचा धडा.

आधी नावाचा घोळ सोडवू

'गव्हर्नमेंट मनी मार्केट फंड' हे नाव मूळ अमेरिकेतलं. तिथल्या नियमानुसार अशा फंडाने आपल्या मालमत्तेपैकी किमान ९९.५ टक्के भाग रोख रक्कम, सरकारी रोखे किंवा सरकारी रोखे तारण घेऊन दिलेली अल्पमुदतीची उसनवारी यांतच ठेवायचा असतो.

आपल्याकडे सेबीने २०१७ मध्ये म्युच्युअल फंडांचे प्रकार ठरवून दिले. त्यात या नावाचा वेगळा प्रकार नाही. जवळचे प्रकार तीन.

१) ओव्हरनाइट फंड : एका दिवसाच्या मुदतीची गुंतवणूक.
२) लिक्विड फंड : ९१ दिवसांपर्यंतची गुंतवणूक.
३) मनी मार्केट फंड : एक वर्षापर्यंतची गुंतवणूक.

लक्षात घ्या, हे प्रकार मुख्यतः मुदतीवरून पडलेत, कर्ज कुणाला दिलंय त्यावरून नाही. लिक्विड फंडाने किमान २० टक्के रक्कम रोख, सरकारी रोखे, ट्रेझरी बिलं अशा सहज मोकळ्या होणाऱ्या गोष्टींत ठेवावी असा नियम आहे. बाकीच्या रकमेत खाजगी कंपन्यांचे आणि बँकांचे कागद असू शकतात. काही फंड आपणहून जवळपास सगळं सरकारी कागदातच ठेवतात. कोणता फंड कसा आहे, हे नावावरून कळत नाही. यादी बघितल्यावरच कळतं.

चला तर मग, पिशवी उघडून बघू

पूर्णपणे सरकारी, अल्पमुदतीच्या फंडात साधारण या चार गोष्टी सापडतात.

१. ट्रेझरी बिल. ही भारत सरकारची हुंडी समजा. केंद्र सरकारला पगार, पेन्शन, अनुदानं यांचा खर्च दर महिन्याला असतो. पण आगाऊ प्राप्तिकरासारखा मोठा कर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च असा हप्त्यांनी येतो. आपलंही तसंच असतं. कापसाचा पैसा दिवाळीच्या पुढे येतो, पण बी-खत जूनमध्येच घ्यावं लागतं. मधली ओढाताण भागवायला सरकार ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची बिलं विकतं. रिझर्व्ह बँक मुंबईतून साधारणपणे दर बुधवारी त्यांचा लिलाव करते.

या बिलावर वेगळं व्याज मिळत नाही. ते कमी किमतीला मिळतं आणि मुदत संपल्यावर पूर्ण रक्कम हातात येते. समजा १०० रुपयांचं ९१ दिवसांचं बिल ९८ रुपये ५० पैशांना घेतलं. ९१ दिवसांनी सरकार १०० रुपये देणार. मधला दीड रुपया हीच कमाई. वर्षाच्या हिशेबाने हा दर साधारण ६.१ टक्के पडतो. (आकडे उदाहरणापुरते घेतलेत, दर लिलावात भाव बदलतो.)

आणखी एक गोष्ट. ट्रेझरी बिलं फक्त केंद्र सरकार काढतं. महाराष्ट्र शासन काढतं ते रोखे, आणि तेही सहसा बऱ्याच वर्षांच्या मुदतीचे.

२. मुदत संपत आलेले सरकारी रोखे. सरकार दहा, वीस, तीस, चाळीस वर्षांचे रोखेसुद्धा विकतं. दहा वर्षांच्या रोख्याची नऊ वर्षं नऊ महिने होऊन गेली, तर उरले फक्त तीन महिने. असा रोखा जन्माने लांब मुदतीचा असला तरी आता वागतो छोट्या बिलासारखाच. म्हणून यादीत २०१५ सालचा रोखा दिसला तरी दचकू नका, तो परत कधी मिळणार ती तारीख बघा.

३. तारणावर दिलेली एका रात्रीची उसनवारी. यादीत हे 'ट्रेप्स' किंवा 'रिव्हर्स रेपो' या नावाने दिसतं. सोनं गहाण ठेवून पैसे उचलायची पद्धत आपल्याला माहीत आहे. इथे सोन्याच्या जागी सरकारी रोखे असतात. एखाद्या बँकेला आज संध्याकाळपर्यंत पैसे हवेत, ती सरकारी रोखे तारण ठेवते, फंड तिला रात्रीपुरते पैसे देतो आणि दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी थोड्या व्याजासह ते परत येतात. ट्रेप्सचा व्यवहार मुंबईच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेमार्फत होतो. ती मध्ये उभी राहते, त्यामुळे समोरची पार्टी कोण याची चिंता फंडाला करावी लागत नाही. ओव्हरनाइट फंडाच्या पिशवीत हाच माल सगळ्यात जास्त असतो.

४. थोडी रोख रक्कम. रोज कुणी ना कुणी पैसे काढतं, त्यांना द्यायला बँक खात्यात ठेवलेली.

संपली पिशवी. शेअर नाहीत, सोनं नाही, जमीन नाही.

पिशवीत काय नसतं, हेही बघू

कंपन्यासुद्धा सरकारसारखीच हुंडी काढतात. तिला कमर्शियल पेपर म्हणतात. सरकारपेक्षा दर थोडा जास्त, कारण धोकाही जास्त. पूर्ण सरकारी फंडात हा कागद नसतो. लिक्विड आणि मनी मार्केट फंडांत असू शकतो.

याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. बल्लारपूरचा कागद आपण शिक्षकांनी आयुष्यभर वापरला. त्या बल्लारपूर इंडस्ट्रीजचा कमर्शियल पेपर टॉरस म्युच्युअल फंडाच्या लिक्विड फंडाकडे होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीचं मानांकन घसरून थेट थकबाकीदाराच्या पातळीवर गेलं आणि त्या लिक्विड फंडाची किंमत एका दिवसात सुमारे ७ टक्क्यांनी खाली आली. वर्षभराच्या कमाईपेक्षा जास्त रक्कम एका दिवसात गेली, आणि तीही लोक 'पैसे ठेवायची जागा' समजतात त्या फंडात!

अमेरिकेतही हेच झालं होतं. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली. तिचे कागद रिझर्व्ह प्रायमरी फंडाकडे होते. एक डॉलर कायम एक डॉलरच राहील, असा ज्याच्यावर लोकांचा भरवसा, त्या फंडाचा डॉलर ९७ सेंटवर आला. त्यानंतर तिथले नियम कडक झाले आणि २०१६ च्या सुमारास प्रचंड पैसा सरकारी फंडांकडे वळला.

आपल्या गावाला तर हे डोळ्यांसमोर दिसतं. पैठण रोडवरचा व्हिडिओकॉनचा कारखाना आणि कंपनीच्या कागदांवर असलेला चितेगावचा पत्ता. एवढी मोठी कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी मोठी आहे म्हणजे तिचा कागद पक्का, असं चितेगावात तरी कुणी म्हणू नये.

'सरकारी' पण लांब मुदतीचा : इथे फसू नका

व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो 'सरकारी फंड' मी शोधून बघितला. तो निघाला गिल्ट फंड. गिल्ट फंडातही सरकारी रोखेच असतात, किमान ८० टक्के. मग फरक कुठे? फरक मुदतीत.

बाजारातले व्याजदर १ टक्क्याने वाढले, तर जुन्या कमी व्याजाच्या रोख्याला कोण विचारणार? त्याची किंमत उतरते. दहा वर्षांच्या रोख्याची किंमत अशा वेळी साधारण ७ टक्के खाली येऊ शकते. ९१ दिवसांच्या बिलाची मात्र १०० रुपयांमागे २५ पैसेच. सरकार दोन्हींचे पैसे ठरल्या तारखेला देणारच, पण आपल्याला जूनमध्ये फी भरायची आहे, दहा वर्षांनी नाही.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा. पैसे परत कोण देणार? आणि कधी देणार? 'सरकारी' हा शब्द फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

यादी कशी वाचायची?

प्रत्येक फंड कंपनी आपल्या वेबसाईटवर प्रत्येक योजनेची यादी टाकते. कर्जरोख्यांच्या योजनांची यादी तर दर पंधरवड्याला येते. त्यात एवढं बघा :

- कागदाचं नाव : ट्रेझरी बिल, सरकारी रोखा, ट्रेप्स, की एखाद्या कंपनीचं नाव?
- मानांकन : भारत सरकारच्या कागदापुढे 'सॉव्हरिन' असं लिहिलेलं असतं.
- टक्केवारी : एकूण रकमेपैकी त्यात किती?
- सरासरी उरलेली मुदत : दिवसांत आहे, महिन्यांत आहे, की वर्षांत?

काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात

बँकेतल्या ठेवीला एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा आहे. फंडाला तसा विमा नाही, पिशवी कितीही सरकारी असली तरी. परतावा ठरलेला नसतो. त्यातून फंडाचा खर्च वजा होतो. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा फंडाच्या नफ्यावर आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. लिक्विड फंडातून पहिल्या सहा दिवसांत पैसे काढले तर थोडा आकार कापतात. आणि ज्याला फंडच नको, त्याला रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून ट्रेझरी बिल स्वतः घेता येतं, किमान १०,००० रुपयांचं. ही सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे.

वर्गासाठी छोटा उपक्रम

सहावी-सातवीला सरळव्याज शिकवताना हा खेळ घ्या. एका मुलाला 'सरकार' करा. तो १०० रुपयांच्या कागदी हुंड्या विकायला काढेल. बाकीच्यांनी चिठ्ठीवर आपापला भाव लिहायचा, ९७, ९८, ९९. ज्याचा भाव जास्त, त्याला हुंडी आधी. मग विचारा, सरकारला स्वस्तात पैसा कुणाकडून मिळाला? जास्त कमाई कुणाची झाली? जास्त भाव देणाऱ्याची कमाई कमी होते, हे मुलांना फळ्यावर न लिहिता कळतं. माझ्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, सरकार गायब झालं तर?" यापेक्षा चांगला प्रश्न मोठी माणसंसुद्धा विचारत नाहीत.

शेवटी काय झालं?

ते पालक पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटले. आम्ही मोबाईलवर दोन फंडांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. एकात ट्रेप्स आणि ट्रेझरी बिलं, दुसऱ्यात २०५० नंतर परत मिळणारे रोखे. ते बराच वेळ त्या तारखांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या नातवाच्या लग्नाला मिळायचे की हे पैशे!"

शेवटी त्यांनी पैसे बँकेतच मुदत ठेवीत टाकले. मला त्यात काहीच वाईट वाटलं नाही. कुठे ठेवायचे हे सांगायचा माझा अधिकारही नाही. पण आता कुणी त्यांच्यापुढे मोबाईल धरला, तर ते टक्केवारीच्या आधी यादी मागतील. आपल्या शाळेतल्या प्रत्येक घरापर्यंत एवढी एक सवय पोहोचवू या.