पेनड्राइव्हमधले बाणवाले फोल्डर

अॅडमिशनच्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला दिवसभर पेनड्राइव्ह लागत असतात. कुणाचा दाखला, कुणाचा बायोडेटा, कुणाचा प्रोजेक्ट. प्रिंट घेऊन घरी यावं, पेनड्राइव्ह लावावा, तर सगळे फोल्डर जागच्या जागी दिसतात. फक्त प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटा बाण आलेला असतो.

हा शॉर्टकट व्हायरस. त्याने खरे फोल्डर लपवलेले असतात आणि त्याच नावांचे शॉर्टकट पुढे मांडलेले असतात. त्यावर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस सुरू होतो आणि पाठोपाठ खरा फोल्डरही उघडतो. काम अडत नाही, म्हणून संशय येत नाही. मग त्या कॉम्प्युटरला लागणारा पुढचा पेनड्राइव्हही बाधित होतो.

पूर्वी तर क्लिकचीही गरज नसे. ड्राइव्ह लावताच प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या ‘ऑटोरन’ सोयीचा फायदा घेऊन व्हायरस पसरत. २००८ साली आलेल्या कॉन्फिकरनेही ही वाट वापरली. विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठी ही सोय बंद झाली, आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी व व्हिस्टामध्येही अपडेटद्वारे ती बंद केली. तेव्हापासून अशा व्हायरसला बहुतेक वेळा आपलं बोट लागतं. बहुतेक वेळा म्हणायचं कारण स्टक्सनेट. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या या व्हायरसला शॉर्टकटचं चित्र पडद्यावर दिसणं एवढंच पुरत होतं. इराणमधल्या नतांझच्या अणुप्रकल्पातली यंत्रणा इंटरनेटला जोडलेली नव्हती, तरी तो तिथे पोचला. विंडोजमधली ती फट अपडेटने बुजली. अपडेट पुढे ढकलू नका असं मी कळकळीने सांगतो, ते यासाठीच.

बाण दिसले तर क्लिक करू नका आणि घाबरून फॉरमॅटही मारू नका. बहुतेकदा फाइली आतच असतात. ड्राइव्हमधली भरलेली जागा पाहिली की खात्री पटते. आधी अपडेट केलेल्या अँटिव्हायरसने ड्राइव्ह आणि कॉम्प्युटर दोन्ही स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या फाइली दाखवायला सांगा. तरीही फोल्डर दिसले नाहीत, तर खालची ‘सिस्टीमच्या संरक्षित फाइली लपवा’ ही खूणही काढा, कारण व्हायरस फोल्डरना बऱ्याचदा सिस्टीम फाइलींचा शिक्का मारतो. सापडलेल्या फाइली दुसरीकडे कॉपी झाल्या की मगच फॉरमॅट करा.

दुकानात नेताना मात्र पेनड्राइव्हवर फक्त छापायची पीडीएफ ठेवा. प्रबंधाची एकुलती एक प्रत त्यात नको. दुकानदार ईमेलवर फाइल घेत असेल, तर पेनड्राइव्ह घरीच राहू द्या.