डबल कॉइल आणि फेरफाराची वही

चाकणच्या एका कारखान्यात रात्रपाळीला एक सिलिंडर पुढे सरकेनासा झाला, आणि पडद्यावर पाहावे तर लॅडरची, म्हणजे यंत्राच्या शिडीसारख्या आज्ञावलीची, त्याची पायरी आरंभापासून अखेरपर्यंत हिरवी, म्हणजे सर्व अटी पुऱ्या झालेल्या, तरी सोलेनॉइडला वीज नाही, असा चमत्कार मी प्रथम पाहिला तेव्हा दोन तास सेन्सर, वायरी आणि रिले यांची झडती घेण्यातच गेले. कारण अखेर बऱ्याच पायऱ्या खाली सापडले: मॅन्युअल मोडसाठी कोणी तरी तेच आउटपुट दुसऱ्यांदा लिहून ठेवले होते. पीएलसी, म्हणजे यंत्र चालविणारा छोटा संगणक, आज्ञावली वरून खाली वाचीत जातो, आणि एकाच आउटपुटला दोन पायऱ्यांनी दोन आज्ञा दिल्या तर शेवटच्या पायरीचीच आज्ञा अमलात येते. ‘डबल कॉइल’ हे या दोषाचे नाव मेंटेनन्सवाल्यांना चांगले परिचित आहे. तो कोणी, केव्हा आणि कशासाठी घातला, याची नोंद मात्र दप्तरी नव्हती.

असे अनुभव खिशातल्या तेलकट डायऱ्यांत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपांत विखुरलेले असतात. ते एका विकीवर आणावेत, असा विचार आम्ही चौघांनी भोसरी-चिंचवडच्या स्नेह्यांपुढे मांडला, तेव्हा पहिला आक्षेप आला तो असा, की विकी म्हणजे विकिपीडिया, तो ज्ञानकोशाचा प्रकार, त्यात आपल्यासारख्यांचे काय काम? वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिला विकी सुरू केला तोच मुळी प्रोग्रॅमर मंडळींनी आपल्या कामातील युक्त्यांची परस्परांत देवाणघेवाण करावी म्हणून, आणि त्याला नाव दिले ते होनोलुलूच्या विमानतळावरील ‘विकी विकी’ बसवरून. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये निघाला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी.

पण लॅडर ही प्रोग्रॅमिंगची भाषाच नव्हे, ते तर वायरिंगचे चित्र, असे म्हणणारेही भेटले. रिले-पॅनेलच्या चित्रावरून ती निघाली हे खरे, आणि मोटारीच्या कारखान्यासाठीच निघाली हेही खरे, कारण १९६८ साली जनरल मोटर्सला रिलेंचे जंजाळ नकोसे झाले त्यातून मोडिकॉनचा पहिला पीएलसी आला. परंतु १९९३ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने, म्हणजे आयईसी ११३१-३ ने (हल्लीचे ६११३१-३), मान्य केलेल्या पाच भाषांत तिचे नाव आहे, तेव्हा हा वाद मिटलेला समजावा.

सर्वांत चिवट गैरसमज तो की ज्याअर्थी कोणीही लिहू शकतो त्याअर्थी शेवटी लिहिणाऱ्याचेच खरे ठरणार. थोडक्यात, विकी म्हणजे एक प्रचंड डबल कॉइल. येथे मी समोरच्याला तलाठ्याच्या दप्तराची आठवण करून देतो. औद्योगिक वसाहतीसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या चाकण-खेडकडच्या घरांतून सातबारा आणि फेरफार हे शब्द मुलांनाही ठाऊक असतात: सातबारावर आजची स्थिती दिसते, पण ती कोणत्या व्यवहाराने आली हे फेरफाराची वही, म्हणजे गाव नमुना ६, सांगते. विकीच्या प्रत्येक पानामागे अशीच वही असते. जुना मजकूर, बदलणाऱ्याचे नाव, दिवस, वेळ आणि लिहिलेच असेल तर कारण, सारे तीत राहते, आणि खोडसाळ बदल एका टिचकीने परतविता येतो. भेद इतकाच की फेरफार आधी प्रमाणित व्हावा लागतो, विकीवर बदल सहसा आधी होतो आणि तपासणी मागून. तीही सैल सोडावी असे नाही: हॅस्केल भाषेच्या विकीने जाहिरातबाजांच्या उपद्रवामुळे आपोआप खाते उघडण्याची सोयच बंद केली.

संगणकावर चढले ते अक्षय झाले, हीही एक भाबडी समजूत. पायथन भाषेच्या विकीत डिसेंबर २०१२ च्या अखेरीस कोणी घुसखोर शिरला आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने तेथील सारा मजकूर पुसून टाकला. म्हणून दर रविवारी एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढण्याचे काम आम्ही एकाच्या गळ्यात घातले आहे; तो कुरकुरतो, पण काढतो.

कंपनीची गुपिते बाहेर पडतील ही भीती मात्र सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही. आमचा दंडक असा, की कारखान्याची आज्ञावली किंवा तिचा फोटो पानावर येणार नाही. प्रोग्रॅमिंगचा एखादा नियम समजावून द्यावयाचा तर तीन पायऱ्यांचे उदाहरण स्वतः रचावे. इंग्रजीवाचून हे कसे जमणार, असेही विचारतात. जमते. इमर्जन्सी स्टॉपचे बटण ‘एनसी’, म्हणजे नॉर्मली क्लोज्ड, असते, कारण वायर तुटली तरी यंत्र थांबले पाहिजे, आणि म्हणूनच लॅडरमध्ये त्याचा संपर्क बहुधा ‘एनओ’, म्हणजे नॉर्मली ओपन, काढतात, ही नवशिक्याला चक्रावून टाकणारी गोष्ट आयटीआयच्या मुलाला मराठीत चार वाक्यांत कळते. शब्द एनसी-एनओच राहतात, त्यांचे भाषांतर करण्याची हौस आम्ही आवरली.

पहिले पान अर्थातच डबल कॉइलचे. एकच आउटपुट दोन ठिकाणी कदापि लिहू नये, असे मी ठासून लिहिले होते. चौथ्या दिवशी पाहतो तो ‘कदापि’ गेलेले, आणि फेरफाराच्या वहीत, पहाटे ३ वाजून १० मिनिटांच्या नोंदीपुढे, एका मदतनीसाने कारण दिलेले: सेट आणि रिसेट कॉइल दोन ठिकाणीच येतात.