क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल!

खायच्या वस्तू चार, तोंडं दहा आणि वाटप तुमच्या हाती. सगळ्यांच्या नजरा तुमच्यावर खिळलेल्या, त्यांत आठ वर्षांची एक मुलगीसुद्धा. कुंपणापलीकडे झोंबी घुटमळतायत खरे, पण आत्ता घाम फुटतोय तो सफरचंद कुणाच्या हातावर ठेवायचं या प्रश्नाने. लहान पोराच्या, की रात्रभर पहारा देणाऱ्याच्या? आणि स्वतःसाठी काही ठेवायचं की नाही? 'टेलटेल गेम्स'चा 'द वॉकिंग डेड' हा व्हिडिओ गेम २०१२ साली पाच भागांत आला. झोंबींच्या जगात बंदुकीइतकंच तोंडातून निघालेल्या शब्दालाही वजन असतं, हे त्याने असं खेळायला लावून पटवलं.

टेलटेल ही कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेलची कंपनी. लुकासआर्ट्समधून बाहेर पडलेल्या मंडळींनी ती २००४ मध्ये काढली. त्यांचा पहिला गेम कशाचा होता? पत्त्यांचा! २००५ च्या त्या 'टेलटेल टेक्सस होल्डेम'मध्ये पात्रं डाव खेळता खेळता गप्पा मारायची. बोलकी पात्रं हेच या मंडळींचं बलस्थान, ते तेव्हापासून.

'द वॉकिंग डेड'चा नायक ली एव्हरेट हा इतिहासाचा प्राध्यापक. बायकोशी संबंध ठेवणाऱ्या सिनेटरच्या खुनाबद्दल तो दोषी ठरलाय. पोलिसांच्या गाडीतून, हातात बेड्या घालून त्याला तुरुंगाकडे नेत असतात आणि वाटेत अपघात होतो. जीव वाचवत तो एका घरात शिरतो, तर परसातल्या झाडावरच्या लाकडी खोपटात क्लेमेंटाइन एकटीच लपलेली. आईवडील सव्हानाला गेलेले, ते परतलेच नाहीत. इथून पुढे तिला सांभाळायचं काम लीचं, म्हणजे तुमचं.

पहिली मोठी परीक्षा हर्शेल नावाच्या शेतकऱ्याच्या शेतावर होते. हर्शेलचा मुलगा शॉन ट्रॅक्टरखाली अडकलाय, शेजारी केनी नावाच्या माणसाच्या छोट्या मुलाला, डकला, झोंबीने धरलंय. इकडे आड, तिकडे विहीर! तुम्ही कुणाकडेही धावा, डक वाचतो आणि शॉन जातोच. का? कारण रॉबर्ट कर्कमनच्या ज्या कॉमिकवर हा गेम बेतलाय, त्यात शॉन आधीच झोंबी होऊन बापाच्या गोठ्यात कोंडलेला आहे. गेममधला हा प्रसंग त्याच्या आधीचा. म्हणजे शॉनचं मरण कित्येक वर्षांपूर्वीच छापून झालं होतं! मग निवडीला अर्थ काय? तो केनीला विचारा. तुम्ही त्याच्या पोराकडे धावलात की नाही, हे तो सहजासहजी विसरत नाही.

थोडं गणित करू. प्रत्येक निवडीला कथेच्या दोन वाटा फुटल्या, तर दहा निवडींनंतर १,०२४ वाटा होतात आणि वीस निवडींनंतर १०,४८,५७६. प्रत्येक वाटेसाठी संवाद लिहायचे, नटांकडून ते बोलून घ्यायचे, चित्रं हलवायची, हे कुठल्याच कंपनीच्या आवाक्यातलं नाही. म्हणून वाटा फुटतात आणि पुढे पुन्हा एकत्र येतात. मेकन शहरातल्या औषधांच्या दुकानात सोबत्यांपैकी तुम्ही डगला वाचवा किंवा कार्लीला. जो वाचेल तो पुढे काही काळ सोबत असतो, पण तिसऱ्या भागात त्यालाही काळ गाठतोच.

ही युक्ती गेमवाल्यांच्या बरीच आधीची. १९६७ च्या माँट्रियल जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाने 'किनोऑटोमाट' आणलं होतं. प्रत्येक खुर्चीला एक लाल आणि एक हिरवं बटण. सिनेमा मध्येच थांबायचा, निवेदक रंगमंचावर यायचा आणि प्रेक्षकांना मत द्यायला सांगायचा. बहुमत कुठेही जावो, शेवटी इमारतीला आग लागायचीच. दोन वाटा दर वेळी पुन्हा जुळायच्या, त्यामुळे दोन प्रोजेक्टरवर काम भागायचं.

काही जण याला फसवणूक म्हणतात. मला ते साफ नामंजूर आहे. खऱ्या आयुष्यातही कोण जगेल, कोण मरेल हे आपल्या हाती कुठे असतं? आपण कसे वागलो, एवढंच हाती असतं आणि हा गेम त्याचाच हिशेब ठेवतो. बोलण्यासाठी वेळ मोजका, समोर पट्टी भराभर आकसतेय. काहीच निवडलं नाहीत तर? गप्प बसणं हेही उत्तरच धरलं जातं. मग पडद्याच्या कोपऱ्यात ओळ उमटते: क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल. एवढ्याशा ओळीने मोठ्या माणसांना खोटं बोलताना दोनदा विचार करायला लावलंय. आणि भाग संपला की जगभरातल्या किती टक्के खेळाडूंनी तुमच्यासारखंच केलं, त्याचा तक्ता समोर येतो.

माझा सगळ्यात आवडता प्रसंग आगगाडीतला आहे. चक नावाचा भटका म्हातारा लीला स्पष्टच सुनावतो की पोरीला तयार केलं नाहीस, तर ती जगणार नाही. मग ली तिला बंदूक धरायला शिकवतो आणि झोंबींच्या हाती लागू नयेत म्हणून तिचे केस कापतो. ना मारामारी, ना धावपळ. एक माणूस जपून कात्री चालवतोय आणि पोरगी बसून राहिलीय. पाचही भागांत माया इतकी उघड दुसरीकडे कुठे दिसत नाही.

लीला आवाज दिला डेव्ह फेनॉय यांनी, क्लेमेंटाइनला मेलिसा हचिसन यांनी. त्या वर्षी स्पाइक वाहिनीच्या पुरस्कारांत हा 'गेम ऑफ द इयर' ठरला आणि हचिसन यांचाही गौरव झाला. २०१३ मध्ये कथेसाठीचा बाफ्टाही त्याने पटकावला. पहिल्या पर्वाचा शेवट मात्र इथे फोडत नाही. ज्याने त्याने तो स्वतः खेळूनच बघावा.

चौथ्या, शेवटच्या पर्वात पारडं फिरतं. आता क्लेमेंटाइन मोठी झालीय आणि एजे नावाचं छोटं पोर तिच्या पदरात आहे. लक्षात ठेवणारा आता तो! तुम्ही त्याला काय शिकवलंत, त्याच्यावर किती विश्वास टाकलात, यावर शेवटी त्याचं वागणं ठरतं.

आणि नेमकं या पर्वाच्या मध्यावर खरं संकट कोसळलं. २१ सप्टेंबर २०१८ रोजी टेलटेलने जवळजवळ सगळ्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. चारच दिवसांनी दुसरा भाग बाहेर पडला आणि पुढचे दोन लटकले. खेळाडू हळहळले, चिडले. शेवटी कर्कमनच्या स्कायबाउंड कंपनीने काम हाती घेतलं आणि टेलटेलमधल्याच जुन्या माणसांना पुन्हा बोलावलं. तिसरा भाग जानेवारी २०१९ मध्ये आला, चौथा मार्चमध्ये. ते पूर्ण करणाऱ्या तुकडीने स्वतःचं नाव ठेवलं होतं 'स्टिल नॉट बिटन', म्हणजे आम्हाला अजून चावा बसलेला नाही!