हे पाणी या नदीचं?

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे 2023 पर्यंतच्या औरंगाबादला, आलेला पाहुणा मकबरा बघतो, पाणचक्की बघतो आणि वेरूळची गाडी पकडतो. शेजारून वाहणाऱ्या खाम नदीकडे त्याची पाठ असते. माझीही असे. मागे भाचीला घेऊन पाणचक्कीत गेलो. हौदात कोसळणारी धार पाहून तिनं विचारलं, ‘‘मामू, हे पाणी या नदीचं?’’ मी बेधडक ‘हो’ म्हणालो.

ते चूक होतं. हे पाणी येतं हर्सूलच्या बाजूच्या विहिरीतून, मातीच्या नळांनी, जमिनीखालून कित्येक किलोमीटर. बंद नळातलं पाणी उगमाच्या पातळीपर्यंत पुन्हा चढू पाहतं, एवढाच यामागचा हिशेब. पाणचक्कीपाशी ते उंच भिंतीतून वर चढतं, खाली पडतं. त्याच्या जोरानं पात्यांचं चाक फिरतं आणि चाकाबरोबर वरचं जातं. 1744 च्या सुमारास तुर्कताज खान या सरदारानं ही चक्की बसवली. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याकडून आलेले सूफी. त्यांच्या खानकाहात येणाऱ्या फकिराला, अनाथाला, वाटसरूला भाकरी मिळावी म्हणून हे पीठ. आपण मात्र तिकीट काढून नुसती धार बघतो! हौदाखालच्या दालनातही जरूर जा. हौदाचा तळ हेच त्याचं छत. चैत्रातही तिथं गारवा असतो.

पण नहरीवर आता घरं आली, रस्ते आले. कुठं पाया खणताना नळ फुटला, तर इथली धार बारीक होते.

पुढे बेगमपुऱ्यात बीबी का मकबरा. ताजची नक्कल म्हणून लोक नाक मुरडतात, ते मला पटत नाही. आजमशाहनं आई दिलरस बानूसाठी तो बांधवला. संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या पट्ट्याला. मधलं सारं दख्खनचा दगड आणि घोटीव चुना. त्या चुन्याच्या नक्षीपाशी थांबून बघा. विद्यापीठामागे डोंगराच्या पायथ्याशी सोनेरी महाल आहे, त्यात राज्य पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. परतताना हिमायत बाग. मुघलांच्या या बागेत आता फळ संशोधन केंद्र आहे.

आणि शेवटी लोखंडी पूल. 2021 पासून महापालिका, छावणी परिषद आणि नागरिकांनी मिळून खामचं पात्र साफ करायला घेतलं, पुलाजवळ उद्यान केलं. सांडपाण्याचा प्रश्न सुटलाय असं नाही, पण काठावर बसता येतं. तिथं भाचीपाशी मी चूक कबूल केली. ती म्हणाली, ‘‘मग या नदीचं पाणी कुठं जातं?’’

‘‘नाथसागरात,’’ मी म्हणालो. ‘‘आणि तिथूनच उपसून शहराच्या नळाला येतं.’’